शालू, फेटा आणि परदेशातला सूर्य: जागा निवडण्याची पुढची नोंद

मागची नोंद भाचीच्या लग्नापाशी थांबली होती. लग्न साताऱ्यात झालं, फोटोग्राफरही इथलाच, आणि त्याने काम चोख केलं. पण लग्नाच्या दिवसाचे फोटो म्हणजे मांडव, पंगत आणि स्टेजवर आहेर घेऊन येणाऱ्यांची रांग. तिला हवे होते ते वेगळेच. तोच शालू, तोच फेटा, पण फिरायला जातील तिथे आणि फ्रेममध्ये दोघंच. 'मामा, जागा तुम्ही काढून द्या, फोटो आम्ही ट्रायपॉडवर काढू,' एवढं तिने म्हटलं आणि मला आयतं कारण मिळालं. मे महिन्याचा शेवट, आधी ग्रीसचं सँटोरिनी, मग स्वित्झर्लंड. ते दोघं तिकडे, मी नकाशा उघडून पोवई नाक्याजवळच्या घरात.

नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी एवढंच सांगतो. रील बघून आपल्याला कळतो तो फक्त मागचा देखावा. कॅमेरा कुठे ठेवायचा, तो कोणत्या दिशेला बघणार, किती वाजता, आणि त्या वाटेने आणखी कोण कोण जातं, हे रीलवाला सांगत नाही. जागा निवडणं म्हणजे हे ठरवणं. देखावा सगळ्यांना मिळतो.

उजेड किती वेळ थांबतो

साताऱ्यात संध्याकाळचा सोनेरी उजेड हाताला लागेपर्यंत निसटतो. आपण जवळजवळ १८ अंश उत्तर अक्षांशावर आहोत, इथे सूर्य बराच सरळ खाली उतरतो. सँटोरिनी ३६ अंशांच्या वर, स्वित्झर्लंडचं लाउटरब्रुनेन ४६ अंशांच्या पुढे. जितकं उत्तरेला जावं तितका तो तिरका घसरत जातो आणि उजेड रेंगाळतो. क्षितिजापासून सहा अंशांवर आल्यापासून टेकेपर्यंत मेअखेरीस आपल्याकडे त्याला सुमारे २७ मिनिटं लागतात, सँटोरिनीत ३३ आणि स्वित्झर्लंडच्या त्या भागात ४० मिनिटांच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. ट्रायपॉड लावून, पदर सावरून, फेट्याचा तुरा सरळ करून परत जागेवर येऊन उभं राहायचं असतं तेव्हा ती सहा मिनिटं म्हणजे एक अख्खी फ्रेम असते.

दुसरी गोष्ट शिकायला परदेशी जावं लागत नाही. ॲप सूर्यास्ताची वेळ सांगतं ती सपाट क्षितिजाची. आपल्या गावात पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आहे, त्यामुळे पंचांगातल्या वेळेच्या बऱ्याच आधी शहरावर सावली येते आणि वर घाटात मात्र अजून ऊन असतं. मेअखेरीस साताऱ्याचा सूर्यास्त सातच्या थोडा पुढे असतो. त्या वेळेच्या भरवशावर राजवाड्यासमोर उभे राहिलात तर हाती सावलीच लागेल. म्हणून मी दोन साधनं बरोबरच वापरतो. सूर्याच्या दिशेसाठी फोटोपिल्स आणि डोंगरासाठी पीकफाइंडर, दोन्ही फोनवरची ॲप. पीकफाइंडरमध्ये शिखरांची रेघ आणि सूर्याची वाट एकाच चित्रात दिसते. मग कोणत्या कड्याआड तो कधी जाणार ते कळतं. लाउटरब्रुनेनला हेच कामाला आलं, त्याबद्दल पुढे.

सँटोरिनी

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण फसायला सगळ्यात सोपी जागा हीच. बेट म्हणजे जुन्या ज्वालामुखीच्या खचलेल्या तोंडाचा काठ. आत समुद्र शिरलाय आणि उंच कड्यावर पांढरी घरं. फिरा आणि इमेरोविग्ली ही गावं कड्यावर पश्चिमेकडे तोंड करून बसलीयत. ईया उत्तर टोकाला आहे आणि तिथली घरं साधारण दक्षिणेकडे उतरतात. नकाशावर हे बघायला दोन मिनिटं लागतात, पण अर्धा निर्णय इथेच होतो. फिराला सकाळी ऊन कड्याच्या मागून येतं, म्हणजे समुद्राकडची बाजू बराच वेळ मऊ सावलीत. ईयाला मात्र सकाळचं ऊन घरांवर येतं.

सूर्यास्ताला ईयाच्या पडक्या किल्ल्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि प्रत्येकाचा फोन समुद्राकडे. मी भाचीला सांगितलं होतं, तिथे जायचंच असेल तर सूर्याकडे पाठ करायची. त्या वेळी गाव मागे, पूर्वेला असतं, पवनचक्क्यांसकट सगळं तांबूस झालेलं असतं. तोच उजेड तुमच्या तोंडावरही येतो. पण माझा खरा आग्रह पहाटेचा होता. मेअखेरीस तिथे सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो. मोठ्या जहाजांमधले प्रवासी नंतर वर येतात, सूर्यास्तवाले अजून झोपलेले असतात, आणि गल्ल्यांमध्ये मांजरं सोडून कुणी नसतं. जहाजांचं वेळापत्रकही आधी नेटवर मिळतं. ज्या दिवशी बंदरात जहाजं कमी, तो दिवस फोटोंचा.

भाचेजावई शिस्तीचे आहेत, त्यांना तोंडी सांगून चालत नाही. म्हणून मी प्रत्येक जागेचं एक कार्ड करून फोनवर पाठवत होतो. ईयाचं जसंच्या तसं देतो:

'निळ्या घुमटांची गल्ली. पोहोचणं सूर्योदयाआधी अर्धा तास, पोशाख हॉटेलवरूनच घालून. पहिल्या दहा मिनिटांत आकाशाकडे बघायचं नाही, जमिनीकडे बघायचं: पायऱ्या उंचसखल आहेत, ट्रायपॉडचा एक पाय आखूड करावा लागेल. ३५ मिमी लेन्स. एक्स्पोजर अधिक एक. दर तीन सेकंदांनी फोटो, दोन मिनिटं, मग जागा बदला. घुमटावर, छतावर, कुणाच्या अंगणात चढायचं नाही, ती माणसांची घरं आणि देवळं आहेत. ऊन थेट तोंडावर आलं की थांबा, कॉफी प्या.'

'अधिक एक' म्हणजे कॅमेरा स्वतः ठरवतो त्यापेक्षा एक पायरी जास्त उजेड घ्यायचा. का, तर पांढऱ्या भिंती बघून कॅमेरा घाबरतो आणि सगळं राखाडी करून टाकतो. त्यात आपला सावळा रंग आणखी दबतो. मी आधी इथे माहुलीच्या वाटेवरच्या एका नव्याने चुना दिलेल्या भिंतीसमोर दोघांना उभं करून दाखवलं. शून्यावर, अधिक अर्ध्यावर, अधिक एकवर. अधिक एकला चेहरे खुलले आणि भिंतीचा खरखरीतपणाही टिकला.

त्याच सरावात नथीची गंमत लक्षात आली. मोत्यांची नथ आणि मुंडावळ्या पांढऱ्या भिंतीपुढे पार गायब होतात. बाजूने फोटो काढला तर नाकावर नुसता एक लाल खडा तरंगताना दिसतो. उपाय साधा. तिने चेहरा थोडा वळवायचा, म्हणजे नथीमागे गाल येतो, आणि मुंडावळ्यांमागे केस येतील असं बघायचं. अशी एवढीशी गोष्ट जागेवर जाऊन सुचत नाही, आणि फोटोला मराठी करते ती नथच.

वाऱ्याचं सांगायलाच हवं. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो. भर जोर जुलै-ऑगस्टमध्ये, पण मेअखेरीसही कड्यावर वारं काही कमी नसतं. यवतेश्वरच्या घाटात संध्याकाळी जे वारं लागतं त्यात शिवलेली नऊवारी आणि नेसलेली सहावारी दोन्ही उभ्या करून बघितल्या. नऊवारी जिंकली. काष्टा असल्यामुळे वारं भरत नाही, पायऱ्याही चढता येतात. सहावारीचा पदर उडताना सुंदर दिसतो हे खरं, पण तो दर वेळी नवऱ्याच्या तोंडावरच जातो. हिने, म्हणजे आमच्या सौंनी, पदराला आतून छोटी नाणी शिवायची युक्ती सांगितली. ती चालली.

फेटा तयार टोपीसारखा नेला, केबिन बॅगेत, आत मोजे भरून. चेक-इन बॅगेत दिला असता तर तुऱ्याची घडी मोडून आली असती. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्याही केबिनमध्येच, तो तर नियमच आहे. नवीन महागडा कॅमेरा नेत असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं, परत येताना प्रश्न उरत नाही.

अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसवर फोटो काढायचे जावयांच्या मनात होते. मी नको म्हटलं. पुरातन जागेत ट्रायपॉड आणि शूटिंगसारखा सरंजाम परवान्याशिवाय चालत नाही. मुंडावळ्या बांधून गेल्यावर 'सहज काढतोय' हे कोण ऐकणार?

स्वित्झर्लंड

इथे इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळाच आहे, तेव्हा भारतीय जोडपं रंगीत कपड्यांत दिसलं तर कुणी वळून बघत नाही. ही मोठी सोय आहे. अडचण दुसरीच आहे. सगळं इतकं देखणं आहे की जागा निवडावीशीच वाटत नाही.

ब्रिएन्झ तळ्याच्या काठावर इझेल्टवाल्ड नावाचं खेडं आहे. एका कोरियन मालिकेत तिथला लाकडी धक्का दिसला आणि जगभरातून लोक लोटले. शेवटी २०२३ साली गावाने धक्क्यावर फिरतं फाटक बसवलं, पाच फ्रँक टाकल्याशिवाय आत सोडत नाही. पैशांचं काही नाही, रांगेचं आहे. मागे लोक खोळंबलेले असताना 'अजून एक, अजून एक' म्हणायची लाज वाटते, आणि लाज चेहऱ्यावर उतरते. म्हणून मी त्याच तळ्याचा बोनिगेनचा काठ दिला. पाणी तेच, निळसर हिरवं, कारण हिमनद्यांनी दळलेली खडकाची भुकटी त्यात तरंगत असते. हा रंग सूर्य वर असताना जास्त उठतो, म्हणून या एका जागेला मी पहाट न देता सकाळी दहानंतरची वेळ दिली. तोंडावर कडक ऊन नको म्हणून झाडाच्या सावलीत उभं राहायचं आणि पाणी मागे उन्हात ठेवायचं.

साडीच्या रंगाचा निकालही इथेच लागला. हिरवी पैठणी सँटोरिनीच्या पांढऱ्यावर उठून दिसते, पण स्विस कुरणावर ती गवतात विरघळते. इकडे कुंकवासारखी लाल किंवा हळदीची पिवळी. म्हणून हिरवी ग्रीसला आणि लग्नातला लाल शालू स्वित्झर्लंडला, असं वाटून दिलं. कासला फुलांच्या हंगामात गेलेल्यांना हे आधीच ठाऊक असेल. तिथेही जांभळ्या-पिवळ्यात लालच टिकतो. (कासला कुंपणाच्या आत फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांविषयी माझं मत मागच्या नोंदीत आहे, परत चिडत नाही.)

लाउटरब्रुनेनची दरी अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि स्टाउबबाख धबधबा २९७ मीटर थेट खाली. ॲपमध्ये सूर्यास्त नऊच्या पुढचा दिसत होता. पीकफाइंडरमध्ये पाहिलं तर दरीच्या तळावरून ऊन त्याच्या खूप आधी जात होतं. मग उलटा विचार केला. ऊन जाऊ द्यायचं. दरीत सावली, वरचे कडे अजून उजळलेले, आणि त्या उजळ दगडावरून परतलेला मऊ उजेड खाली दोघांच्या चेहऱ्यावर. माझ्या मते सगळ्या सहलीतला सर्वोत्तम फोटो हाच आलाय: ८५ मिमी लेन्सने लांबून, धबधबा मागे पांढऱ्या रेघेसारखा, लाल शालू, आणि जावई फेटा काढून हातात घेऊन हसताहेत. तो हसण्याचा भाग माझ्या कार्डात नव्हता.

बाली आणि पॅरिस

ओळखीतल्या आणखी एका जोडप्याला बाली हवंय. त्यांनी पाठवलेला नमुना म्हणजे लेम्पुयांग मंदिराचं दार, खाली तळ्यात उलटं प्रतिबिंब, मागे आगुंग ज्वालामुखी. तळं नाहीच. फोनच्या खाली आरसा धरून ते प्रतिबिंब काढतात, तेही नंबर लावून. मी जोडप्याला सांगितलं, आरसा नको, दार हवं असेल तर सकाळ धरा. आगुंग तिथून पश्चिमेला आहे, तेव्हा सकाळचं ऊन तुमच्या तोंडावर आणि डोंगरावर, दोन्हीकडे पडतं. दिवस चढला की ढग आगुंगला झाकतात. देवळात सारोंग, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र, नेसावंच लागतं, साडी असली तरी तिथली माणसं सांगतील तसं करायचं. वाद घालायचा नाही. विषुववृत्ताजवळ असल्याने उजेड मात्र साताऱ्यापेक्षाही भरभर जाईल, तेव्हा त्यांच्यासाठी कार्डं आणखी छोटी करतोय.

दुसरं काम डिसेंबरच्या पॅरिसचं. हे मला जास्त खुणावतंय. त्रोकादेरोच्या चौकातून आयफेल टॉवर आग्नेयेला दिसतो. जूनमध्ये सूर्य ईशान्येला, म्हणजे टॉवरच्या बऱ्याच डावीकडे आणि सहाच्या आत उगवतो. डिसेंबरात तो आग्नेयेलाच, जवळपास टॉवरच्या मागूनच वर येतो, आणि तेही साडेआठनंतर. पहाटे उठायची शिक्षा नाही. ढग नसतील तर टॉवर आणि जोडपं दोन्ही काळ्या छायेत, मागे केशरी. रात्रीच्या रोषणाईवर हक्क राखून ठेवलेले आहेत, स्वतःपुरते फोटो काढायला हरकत नाही, पण धंद्यासाठी वापरायचे तर परवानगी लागते. आपल्याला सकाळच हवी असल्याने तो प्रश्न आला नाही.

छायेत साडीचा रंग काही कामाचा नाही, आकारच बोलणार. म्हणून रविवारी साताऱ्यातल्या 'चार भिंती' नावाच्या उंचावरच्या जागी सूर्य मागे घेऊन सराव ठेवलाय: खोपा की आंबाडा, फेट्याचा तुरा केवढा, हात धरले तर दोघांच्या मध्ये उजेडाची फट राहते का. ज्यांना यायचंय त्यांनी सव्वासहाला वर पोहोचावं, फेटा माझ्याकडे आहे. कुणाकडे मोठ्या तुऱ्याचा असेल तर तोही आणा.