पुन्हा सादर : १ ऑक्टोबर १९१४

दुसऱ्यांच्या आजोबा-पणजोबांची पत्रं वाचून देणं हा माझा धंदा. बर्लिनमध्ये राहून मी जुन्या जर्मन हस्ताक्षरातले कागद आजच्या अक्षरांत उतरवून देते आणि कुणाला हवं असेल तर त्या माणसाचा माग अभिलेखागारात काढते. गिऱ्हाइकं बहुतेक निवृत्त जर्मन. माळ्यावर पेटी सापडते, आतले कागद स्वतःच्याच आजोबांचे, पण एक ओळ लागत नाही. मग विचारत विचारत ते पुण्याच्या एका बाईपर्यंत येतात.

सगळे आधी एकच विचारतात, ‘हे झ्युटरलिन आहे ना?’ नसतं ते. झ्युटरलिन हे वळण शाळांत आलं १९१५च्या सुमारास. त्याआधीचं सगळं कुरेंट, म्हणजे त्याहून जुनं वळण. त्यात ‘ए’ आणि ‘एन’ जुळ्या भावंडांसारखे दिसतात, ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून, आणि ‘एच’ला वर-खाली दोन फासे. मोडी आधी शिकलेली असल्यामुळे हात न उचलता लिहिलेल्या अक्षराची मला भीती वाटली नाही. हल्ली संगणकही हे वाचतो. सरकारी कारकुनाचं सुबक अक्षर तर माझ्यापेक्षा भराभर. पण मळ्यावर दिव्याखाली, स्वस्त शाईने लिहिलेल्या पत्रात तो माणसांच्या नावांची पार माती करतो आणि वर खात्रीने सांगतो. कुरेंटची एक रीत मात्र बाहेरच्यांना माहीत नसते. परकी नावं आणि परके शब्द त्या काळी मुद्दाम रोमन वळणात लिहीत. त्यामुळे न वाचता येणाऱ्या गचपणातून ‘आपिया’ (सामोआची राजधानी), ‘उपोलू’ (ती ज्यावर आहे ते बेट), ‘कोप्रा’ (सुकं खोबरं) एवढेच शब्द कुणालाही वाचता येतात. ही रीत नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मागे एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा आणून दिला. आजोबा सामोआत, म्हणजे प्रशांत महासागरातल्या तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, मळेवाले होते. कुटुंबासाठी छोटं पुस्तक काढायचं होतं, शीर्षकात ‘दक्षिण समुद्र’ हवाच. हे दोन शब्द उच्चारताना जर्मन माणसाचा आवाज अजून मऊ होतो. आफ्रिकेतल्या वसाहतींबद्दल आता अपराधी वाटून घेतात. सामोआ मात्र माडांचं, हसऱ्या माणसांचं, ‘आपण तिथे चांगलेच वागलो’ असं.

१ मार्च १९०० रोजी आपियाजवळ मुलिनूऊला जर्मन झेंडा चढला. त्याआधीपासून हॅम्बुर्गच्या व्यापारी कंपन्यांचे खोबऱ्याचे मोठे मळे तिथे होतेच. मग रिशार्ड डीकेन नावाच्या उत्साही गृहस्थाने १९०१ मध्ये पुस्तक काढून कोकोच्या लागवडीचं असं चित्र रंगवलं की थोड्या पैशांवर मळेवाला होऊ बघणारी तरुण मुलं बोटीत बसली. गव्हर्नर विल्हेल्म झोल्फ यांना हे हलक्या खिशाचे वसाहतवाले नकोच होते. कोकोचं झाड फळाला यायला चार-पाच वर्षं जातात, तोवर मजुरी कुठून देणार? डीकेनला तर १९०४ मध्ये चिनी मजुरांना वाईट वागवल्याबद्दल शिक्षा झाली. आमचे आजोबा (कामाच्या ओघात मी त्यांना असंच म्हणू लागले) याच लाटेत १९०२ साली गेले.

त्यांची पत्रं म्हणजे तक्रारवही. मजूर मिळत नाहीत. १९०३ पासून तीन-तीन वर्षांच्या करारावर चिनी मजूर येऊ लागले, तेही महाग पडतात. पत्रांत चिनी माणूस येतो तो फक्त खर्चाच्या रकान्यात. नातवाला पुस्तकात त्यांना ‘मदतनीस’ म्हणायचं होतं. मी लिप्यंतरात बदल करत नाही, पुस्तक तुमचं आहे, असं सांगून मोकळी झाले. पुढे सिलोनहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा बेटावर उतरला. हा आपल्या कोकणातल्या माडांचाही वैरी. १९०९ नंतरच्या पत्रांत पानंच्या पानं त्याच्यावर आहेत. कुजक्या बुंध्यातून अळ्या कशा उकरायच्या, सरकारने भुंगे गोळा करायची सक्ती कशी केली, शेजारचा कसा चुकवतो.

आणि १९१२च्या वसंतातल्या एका पत्रात, बहिणीला, अगदी शेवटी समासात आडवं: पुढच्या बोटीने एक फीबेल पाठव, म्हणजे मुलांचं बाराखडीचं पुस्तक, आणि दुरेघी वह्या. शेजाऱ्याच्या मुलीसाठी. वर्षभराने पुन्हा वह्या. शेजारी तोच, भुंगे चुकवणारा. त्याच्यावर एवढं प्रेम कुठून आलं, असा शेरा मी माझ्या टिपणात मारला होता. १९१४ नंतर पत्रं नाहीत. १९१४ पासून बेटं ताब्यात असलेल्या न्यूझीलंडवाल्यांनी १९२० मध्ये मळा जप्त करून त्यांना बोटीत घातलं आणि ते कफल्लक होऊन परतले, १९२१ मध्ये लग्न केलं. काम संपलं, बिल मिळालं.

या वर्षी ऑकलंडहून एका बाईंची मेल आली. कुटुंब सामोअन. आजीचे वडील जर्मन एवढंच माहीत. घरात आडनाव म्हणून चालत आलं ते त्यांचं पाळण्यातलं नाव, कारण सामोआत बापाचं पहिलं नाव आडनाव म्हणून लावायची पद्धत आहे. त्यामुळे जर्मन आडनाव कुणालाच ठाऊक नाही. सामोआतल्या जर्मन सरकारचं बरंचसं दप्तर न्यूझीलंडच्या राजधानीत, वेलिंग्टनला आहे. बाईंनी तिथे बसून फायली चाळल्या, आणि रोमन वळणात लिहिलेलं पणजीचं नाव दिसलं त्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. बाकी एक अक्षर वाचता येत नव्हतं. फोटो तिरके, कडेला अंगठा. पण तिने जे केलं ते भल्याभल्या प्राध्यापकांना सुचत नाही.

सकाळचा चहा घेऊन मी पहिलं पान उघडलं आणि नाव लागण्याआधीच हात ओळखला. ‘एच’चा खालचा फासा डावीकडे इतका ओढायचा की खालच्या ओळीतल्या अक्षराला अडकावा, ही खोड मी आठवडेच्या आठवडे सोसली होती. सही बघायला शेवटच्या पानावर गेले. पूर्ण नाव, जन्मगाव, सगळं तेच.

अर्ज जून १९१४चा. त्याची पार्श्वभूमी अशी, की जानेवारी १९१२ मध्ये सामोआत गोऱ्यांनी स्थानिकांशी लग्न करण्यावर बंदी आली. आधीच्या कायदेशीर लग्नांतली मुलं गोरी धरली जातील, पुढे होणारी स्थानिक. मिश्र रक्ताच्या बाकीच्यांना अर्ज करून गोऱ्यांच्या बरोबरीचा दर्जा मागता येई. अट अशी की जर्मन अस्खलित बोलता यावं आणि युरोपीय शिक्षण असावं. आजोबांनी मुलीसाठी हाच दर्जा मागितला होता. तिची आई सामोअन, लग्न सामोअन रीतीने झालेलं, म्हणजे नोंदणी नाही. पुराव्यादाखल वहीचं एक पान जोडलं होतं. दुरेघी. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने जर्मन महिन्यांची नावं ओळीने लिहिली होती आणि खाली स्वतःचं नाव दोनदा, एकदा कुरेंटमध्ये, एकदा रोमन वळणात. ऑकलंडच्या बाईंना त्या पानावर आजीचं नाव सापडलं ते या दुसऱ्या सहीमुळे.

कारकुनाचा शेरा समासात: ‘पुन्हा सादर : १ ऑक्टोबर १९१४.’ निकाल लांबणीवर टाकायची जर्मन दप्तराची ही जुनी सवय, आपल्याकडच्या सरकारी बाबूला शिकवावी लागणार नाही. २९ ऑगस्टला न्यूझीलंडचं सैन्य आपियात उतरलं. शेऱ्यानंतर फाईल कोरी.

बंदी घालणारा माणूस कोण, हे मला आधीपासून माहीत होतं. त्या सकाळी मात्र ते टोचलं. झोल्फ तोवर गव्हर्नरपद सोडून बर्लिनला वसाहतमंत्री झाले होते. मुळात ते संस्कृतचे पंडित. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या कीलहॉर्नचं संस्कृत व्याकरण इंग्रजीतून जर्मनमध्ये आणलं ते यांनीच, १८८८ मध्ये. त्याआधीचा प्रबंध बिल्हणाच्या पंचाशिकेच्या काश्मिरी पाठावर. राजकन्येवर जीव लावलेल्या पंडिताचे ते पन्नास श्लोक, ‘अद्यापि’ने सुरू होणारे, झोल्फनी पाठभेदांसकट अक्षर-अक्षर तपासले होते. १९०९ मध्ये सामोआत झालेल्या स्वतःच्या मुलीला त्यांनी हौसेने सामोअन नाव ठेवलं. सामोआचे सर्वांत समंजस गव्हर्नर म्हणून आजही त्यांचं कौतुक होतं, आणि इतरांशी तुलना केली तर ते खोटंही नाही. मला हा माणूस कुठल्याच बाजूने आवरता येत नाही.

पण रात्री झोप लागत नाही ती झोल्फमुळे नाही. १९२० मध्ये सामोअन बायका-मुलं असलेल्या जर्मनांपैकी बऱ्याच जणांना राहू दिलं गेलं. आमचे आजोबा गेले. मधल्या काळाचा एकच धागा ऑकलंडच्या बाईंनी दिला: पणजी १९१८च्या साथीत गेली. त्या नोव्हेंबरात ‘टालून’ बोटीवरून इन्फ्लुएंझा उतरला आणि सामोआतली सुमारे पाचवा हिस्सा माणसं मेली. बायको गेली, मुलगी पंधराच्या आसपास. राहण्यासाठी हिला दाखवणं पुरलं असतं. दाखवलंच नाही, की दाखवूनही उपयोग झाला नाही? कागद काहीच सांगत नाही आणि मी दोन्हींपैकी कुठलंही मानू शकत नाही.

बाईंनी मेलच्या शेवटी विचारलं होतं, ‘त्यांनी आमच्याबद्दल आपल्या माणसांना कधी लिहिलं असेल का हो?’ उत्तर माझ्या संगणकात, दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोल्डरमध्ये. ती पत्रं माझी नव्हेत. एकाचं दुसऱ्याला सांगायला लागले तर उद्यापासून माझ्याकडे कुणी पेटी आणणार नाही.

मी नातवाला फोन केला. नाव-गाव न सांगता एवढंच विचारलं, की सामोआत आजोबांचं कुणी निघालं, तर तुम्हाला कळायला आवडेल का? ते शांतपणे म्हणाले, ‘आजोबा १९२१ पर्यंत अविवाहित होते. तसं कागदोपत्री आहे.’ मी म्हटलं, कागदोपत्री आहे खरं. मग त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठाबद्दल विचारलं. माडाचा फोटो.

ऑकलंडला लिप्यंतर आणि भाषांतर पाठवलं. प्रत्येक कामाच्या तळाशी मी कागदातल्या गावांची आजची नावं, जिल्हा आणि पिनकोड टाकत असते, कारण शंभर वर्षांत गावं एकमेकांत विलीन झालेली असतात. याही वेळी टाकले. अर्जदाराचं आडनाव आजच्या जर्मनमध्ये कसं लिहितात, तेही. शेजारच्या टेबलावर काम करणारी माझी सहकारी म्हणाली, ही पळवाट आहे. असेल. गाव लहान आहे आणि फोनच्या यादीत त्या आडनावाचं एकच घर.