९८० न आलेल्या जर्नलला मी मार्क का देते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. स्टाफरूममध्ये विचारून झालं, पालकसभेत झालं, एका लग्नाच्या पंगतीतही झालं: उत्तर चुकलेल्या जर्नलला तुम्ही मार्क कसे देता, आणि ज्यांचं ९८० बरोब्बर येतं त्यांनाच उलट प्रश्न का विचारता?

साध्या लंबकावरून 'जी', म्हणजे गुरुत्व त्वरण (सेंमी प्रति सेकंद वर्गात), काढायचा प्रयोग; ९८० हे त्याचं पुस्तकातलं उत्तर. बहुतेक जर्नलांत ९७९.८, ९८०.१ असले आकडे. हाताने दाबायचं स्टॉपवॉच, दोऱ्याची गाठ, वर पंखा; यातून इतकं नेमकं उत्तर येत नाही. शिवाय ९८० हा इथला आकडाच नव्हे. ९८०.६६५ हे १९०१ साली प्रमाण म्हणून ठरवलेलं मूल्य, साधारण ४५ अक्षांशाला जुळणारं. महाराष्ट्रात ते ९७८ च्या जवळपास आहे. एवढा फरक आमच्या उपकरणांना कळणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण मग मुलांनी ते ९८० मोजलं कुठे?

पहिली अकरा वर्षं मीही नोट्स उतरवून दिल्या, उत्तर जुळलं नाही की लाल पेनाने 'रिपीट' लिहिलं. तेव्हा माझ्या विषयाचा निकाल आजच्यापेक्षा चांगला लागायचा. लपवत नाही.

मग ती मुलगी. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कधी शंका न विचारणारी. तिचं उत्तर आलं १०८४. मी फक्त शेवटची ओळ बघितली, खोडली, 'रिपीट' लिहिलं. पुढच्या आठवड्यात ९८०.२ आलं. मी 'गुड' लिहून सही केली.

दिवाळीनंतर एकदा मी लंबकाच्या टेबलाशी नुसती उभी होते. तिने गोळा सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि त्याच क्षणी म्हणाली, "एक."

माझ्या पोटात खड्डा पडला. वेळ वीस आंदोलनांची घ्यायची असते; सोडतानाच 'एक' म्हटलं की 'वीस' येईपर्यंत आंदोलनं एकोणीसच होतात. आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाचा वेळ, विसाव्या हिश्शाने कमी भरतो, त्याच्या वर्गाने भागायचं असतं, म्हणून 'जी' जवळजवळ अकरा टक्क्यांनी फुगतो. ९७८ चे १०८४.

"तेव्हा दोऱ्याच्या सगळ्या लांब्यांना १०८४ च आलं होतं का गं?"

"हो मॅडम, पाचही. म्हणून मला वाटलं, बरोबर असेल."

"ते पान कुठंय?"

"फाडलं. दुसऱ्याला तुम्ही गुड दिलंत ना."

दुसरी रीडिंग्ज कुठून आणलीस, हे मी विचारलं नाही. सीनियरची जर्नलं कशी फिरतात हे मला ठाऊक होतं. पण पाच वेगवेगळ्या लांब्या आणि पाचही वेळा १०८४ च्या आसपास! बनवायचंच असतं तर तिने ९८० बनवलं असतं. त्या वर्षीचं सगळ्यात मन लावून मोजलेलं पान माझ्या हाताखालून गेलं आणि मी ते खोडलं. तिने फक्त शून्याऐवजी एकपासून मोजलं होतं. घरात कोण शून्यापासून मोजतं? पायऱ्या, भाकऱ्या, सगळं एकपासूनच.

तेव्हापासून मी आधी रीडिंग्ज बघते, उत्तर नंतर. लंबकाच्या लांबीत गोळ्याची त्रिज्या धरायला कुणी विसरलं, तर खोडत नाही. लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढायला लावते. रेषा शून्यातून जात नाही, पण तिच्या उतारावरून 'जी' ठीक येतो. राहिलेली त्रिज्या मुलं स्वतः शोधतात. हे शिकवणं नाही, असं कुणी म्हणालं तर मला राग येतो.

पण माझ्यातली ती जुनी बाई गप्प बसत नाही. ती विचारते, चार बॅचेस आहेत, दोन तासांत कुणाकुणाच्या तोंडचं 'एक' ऐकणार तू? आणि परीक्षेचं काय? एका मुलाने प्रॅक्टिकल परीक्षेत आलं तसं ९४१ लिहिलं. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, मार्क कापले. वडील भेटायला आले, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतं हो. पण मार्क माझ्या पोराचे गेले." मी त्यांना चहा विचारला. दुसरं काही सुचलं नाही.

शून्यापासून मोजा, हे आधीच सांगावं की चुकू द्यावं, हेही माझं ठरलेलं नाही. या वर्षी दोन बॅचेसना सांगितलंय. उरलेल्या दोन बॅचेसना नाही.