सवाईचा शनिवार-रविवार : मुंबईहून सहकुटुंब एक मुक्काम

पुण्यातला शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात बुधवार ते रविवार असा पाच दिवस चालतो. पाचही दिवस जमत नसेल आणि सोबत म्हातारी माणसं, लहान मूल असेल, तर शनिवार-रविवारच निवडावा, आणि तो केवळ सुट्टीमुळे नाही. नियमाप्रमाणे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतात. मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातल्या मोजक्याच दिवसांना मिळते आणि सवाईत ती बहुधा शनिवारच्या वाट्याला येते. बागेश्री, मालकंस, दरबारी हे उशिरा रात्रीचे राग त्यांच्या वेळेला ऐकायचे तर तीच एक रात्र. रविवारी मैफल दुपारी बाराच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे एरवी मैफलीत फारसे कानावर न पडणारे, भर दुपारच्या सारंग रागाचे प्रकार मिळतात. बाकीच्या दिवसांत हे दोन्ही नाही. त्या वर्षीच्या वेळा मात्र कार्यक्रमपत्रिकेत पाहूनच पुढचं ठरवायचं.

आम्ही पाच जण जातो : आम्ही दोघं, आई-बाबा आणि शाळकरी मुलगी. आईबाबांना खुर्चीचं तिकीट, आम्हा तिघांना भारतीय बैठक. सगळ्यांनी एकत्र बसायचा हट्ट धरला की दोन तासांत कोणाचे तरी गुडघे बोलायला लागतात, आणि मग सगळेच उठतात. भेटायची जागा आधी ठरवून ठेवायची. गर्दीत फोन लागेलच असं नाही, आणि मांडवात तो वाजायलाही नको.

सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस दादरला पकडली की नऊच्या सुमारास पुणे. मुक्कामाची खोली स्वारगेट किंवा टिळक रोडच्या बाजूला घेतो. मांडव मुकुंदनगरात, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर असतो. २०१८ पूर्वी तो रमणबागेत होता. काही जुने पुणेकर अजून तोच पत्ता सांगतात, तिकडे लक्ष देऊ नये. स्वारगेटला मेट्रो आहे, पण मध्यरात्री ती नसते आणि मैफल सुटली की सगळ्यांना रिक्षा एकदमच हवी असते. खोली चालत पोचण्याजोगी असली की हा प्रश्नच उरत नाही. पेठांतल्या जुन्या लॉजचं फाटक रात्री लवकर बंद होतं. ‘सवाईला चाललोय, साडेबारा होतील’ एवढं काउंटरवर सांगून, फाटक उघडणाऱ्याचा नंबर घेऊनच बाहेर पडावं.

शनिवारी दुपारी थाळी खाऊ नये. दुर्वांकुरची किंवा बादशाहीची थाळी उत्तमच, पण ती रिचवून मांडी घालून बसलं की मुलतानी रागाच्या विलंबितातच, म्हणजे सुरुवातीच्या संथ लयीतच, मान पडते. आम्ही साडेबाराला हलकं जेवतो, तासभर आडवे होतो आणि मैफलीच्या पाऊण तास आधी रांगेत उभे राहतो. बैठकीत ध्वनियंत्रणेच्या टेबलासमोरची मधली जागा धरायची. आवाज तिथूनच जुळवत असल्यामुळे तानपुरा आणि तबला तिथे नीट तोलात ऐकू येतात. कडेला थेट ध्वनिवर्धकासमोर बसलं तर नुसता दणका.

थंडीचा अंदाज हमखास चुकतो. दुपारी मांडवात उकडतं, म्हणून लोक स्वेटर खोलीवर ठेवून येतात. रात्री दहानंतर जमिनीतून गारवा वर येतो. माणशी एक शाल, मुलीला कानटोपी आणि पायमोजे. बुडाखाली घरची जाड सतरंजी चौपदरी घालून. पाठीला टेकण असलेली, जमिनीवर ठेवायची घडीची खुर्ची चालते, पण तिचं टेकण मागच्याच्या डोळ्यांआड येणार नाही इतपत बुटकं हवं.

खाण्याचं गणित वेगळं आहे. कलाकार बदलताना पंधरा-वीस मिनिटं जातात. नृत्य असेल तर जास्तच, कारण बैठक उचलून रंगमंच मोकळा करावा लागतो आणि माइकही सगळे बदलावे लागतात. त्या वेळात साबुदाणा वडा, भजी, पिठलं-भाकरी, चहा, सगळीकडे झुंबड, आणि स्वच्छतागृहासमोरही तेच. आम्ही उलटं करतो. एक कलाकार आळीपाळीने सोडायचा. त्याचं गाणं चालू असताना दुकानं मोकळी असतात आणि गाणं बाहेरही ऐकू येतं. कोणता सोडायचा यावरून घरात होणारा वाद गाडीतच मिटवावा. बाहेर पडायचं ते मात्र आधीच्या टाळ्यांमध्ये, ख्याल रंगात आलेला असताना नव्हे. मुलीला सातच्या आत पोटभर खायला घातलं की साडेनऊला ती सतरंजीवर झोपते. कुरकुरीत पिशवीतला खाऊ बैठकीत उघडू नये. आलाप चालू असताना तो आवाज पाच रांगांना जातो.

रविवारी सकाळी बेडेकरांची मिसळ. गोडसर रस्सा, सोबत पावाऐवजी स्लाइस. कोल्हापूरकरांनी तक्रार करू नये. सुट्टीची रांग लांबते, म्हणून आम्ही लवकर उठतो, खाऊन येऊन पुन्हा तासभर झोपतो. खोली सोडताना सामान काउंटरवर ठेवता येतं का, हे आदल्या दिवशीच विचारावं. बॅगा मांडवात न्यायच्या नसतात.

राहिला परतीचा प्रश्न. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराची इंद्रायणी धरायची तर पाचला उठावं लागतं, म्हणजे भीमपलास, मुलतानी या दुपारच्या रागांपर्यंतच ऐकून होतं. शेवटपर्यंत बसलं तर ज्येष्ठ कलाकार मिळतात, आणि सांगतेला सवाई गंधर्वांच्या भैरवीचं ध्वनिमुद्रण वाजतं तेही. महोत्सव १९५३ साली पं. भीमसेन जोशींनी ज्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला, त्यांचाच तो आवाज. पण मग रात्री स्वारगेटहून दादरची शिवनेरी बस, आणि रविवारी रात्री खंडाळ्याच्या घाटात वाहनं तुंबलेली. शाळा आणि कचेरी सोमवारीच असेल तर इंद्रायणीचं परतीचं आरक्षण जातानाच्या तिकिटाबरोबर करावं. आमच्याकडे आई-बाबा आणि मुलगी इंद्रायणीने जातात, आणि आम्हा दोघांपैकी एक जण भैरवीला थांबतो.