बुलेटचं ऑइल कमी दिसलं तर आधी ओतू नका: माझा अनुभव

जुन्या कास्ट आयर्न बुलेट 350 ची डिपस्टिक कोरडी दिसली की अर्धा लिटर ऑइल ओतायचं, ही सवय मोडायला हवी. पावसाळ्यात तीन आठवडे उभी राहिलेली माझी गाडी एका गॅरेजमध्ये नेली, तर काही न विचारता त्यांनी वरून ऑइल भरलं. घरी येईपर्यंत ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइलचा सडा आणि सायलेन्सरमधून निळा धूर. हे दोनदा झालं. त्याचा राग अजून आहे, कारण गाडीत ऑइल पुरेसं होतंच, फक्त ते भलत्या जागी जाऊन बसलं होतं.

या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच (क्रँक फिरतो तो इंजिनाचा खालचा डबा), मागच्या कप्प्यात आहे. सव्वादोन लिटरच्या आसपास ऑइल मावतं. टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या बाजूचं झाकण) दोन पंप: फीड पंप बिग एंडला (क्रँक आणि कनेक्टिंग रॉडचा सांधा) ऑइल पाठवतो, रिटर्न पंप खाली साचलेलं उचलून टाकीत परत टाकतो. रिटर्नची क्षमता फीडच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून चालू इंजिनात तळ कोरडा राहतो. पण फीड पंपाची डिस्क (पंपातली फिरती तबकडी) बैठकीवर नीट टेकत नसेल, तर उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल झिरपत क्रँककेसच्या तळाशी उतरतं. डिपस्टिक टाकीतलं माप दाखवते, तळातलं नाही.

म्हणून माप असं घ्या. गाडी सुरू करून पाच मिनिटं हळू चालू द्या. फिलरचं झाकण उघडून आत बघा, परत येणारं ऑइल दिसतं. तळ रिकामा झाला की ते अधूनमधून, हवेसकट येतं. मग इंजिन बंद करा आणि लगेच डिपस्टिक बघा. गाडी फार दिवस उभी असेल, तर सुरू करण्याआधी क्रँककेसचा ड्रेन प्लग काढून निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या. माझ्या गाडीतून 700 मिली निघालं. ते स्वच्छ असेल तर गाळून परत टाकीत घाला.

खरा इलाज डिस्क घासून बसवण्याचा. पंपाची छोटी झाकणं बाहेरूनच उघडतात आणि स्प्रिंग व डिस्क हातात येतात. फीडची डिस्क फीडला, रिटर्नची रिटर्नला. सुटी करतानाच खूण करा, अदलाबदल चालत नाही. मी मात्र टायमिंग कव्हर काढूनच काम केलं, कारण पेस्टचा एक कण जरी ऑइलच्या वाटेत राहिला तरी बिग एंडची वाट लागते. अगदी बारीक ग्राइंडिंग पेस्ट किंवा धातूचं पॉलिश घ्या, आणि हाताने, हलक्या दाबाने, डिस्क अर्धा वेढा मागे-पुढे फिरवत घासा. बैठकीवर सगळीकडे सारखा राखाडी रंग आला की थांबा. मग रॉकेलने प्रत्येक भोक धुवा, हवा मारा, परत धुवा. धुण्याला मला घासण्याच्या दुप्पट वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा.

झाकण बसवताना पंपाच्या पोकळीत ऑइल भरा. स्क्रू आवळण्याआधी झाकण स्प्रिंगच्या जोरावर थोडं उचललेलं राहायला हवं. तसं राहत नसेल तर स्प्रिंग मेली आहे, बदला. कागदी पॅकिंगच वापरा. सिलिकॉनचा जास्तीचा थर आत जाऊन ऑइलची वाट बंद करतो.

कव्हर काढलंच आहे तर क्रँकच्या टोकावरचं कॉर्कचं सील बदलून टाका. ते झिजलं असेल तर पंप उत्तम असूनही बिग एंडला पुरेसं ऑइल पोचत नाही. आणि वर्मच्या (पंप फिरवणारा, क्रँकच्या टोकावरचा पेचदार गिअर) नटाला हात लावायची वेळ आलीच, तर त्याचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा. कव्हर परत बसवताना इंजिन हळूहळू पुढे फिरवा, म्हणजे पंपाचा स्पिंडल वर्ममध्ये आपोआप गुंततो. ठोकू नका.

बाकी ऑइल बदलणं सोपं: इंजिन गरम असताना सोडा, टाकी आणि क्रँककेस, दोन्हींच्या ड्रेन प्लगना नवे वॉशर घाला, 20डब्ल्यू-50 भरा. फेल्टचा फिल्टर बदलला असेल तर त्याची पोकळी रिकामी असते, आणि ती भरेपर्यंत बिग एंडला ऑइल मिळत नाही. म्हणून स्पार्क प्लग काढा, प्लगची वायर अर्थ करा (इंजिनाच्या धातूला टेकवा), कव्हरवरचा फीड प्लग (बिग एंडकडे जाणाऱ्या ऑइलच्या वाटेवरचं बूच) थोडा सैल करा आणि तिथे ऑइल दिसेपर्यंत किक मारत राहा. दिसलं की प्लग आवळा, मगच गाडी सुरू करा. पाच मिनिटं मंद चालवून माप परत बघा, फिल्टरच्या पोकळीत गेलेल्या ऑइलमुळे ते उतरलेलं असतं. इथे मात्र वरून भरायला हरकत नाही.

डिस्क बसवल्यावर दहा दिवसांनी मी तळाचा प्लग परत उघडला. 100 मिलीच्या आत ऑइल निघालं.