करडईचं तेल, जिलेटिन आणि 2 सेंटिमीटरची गाठ

मावशीच्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टात ‘डेन्स’ असा शब्द होता. स्तनात ग्रंथी दाट असल्या की एक्स-रेत त्याही पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. म्हणून पुढे सोनोग्राफी, मग बायोप्सी. गाठ साधी निघाली, पण रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला जेवण गेलं नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी मायक्रोवेव्ह इमेजिंग, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी आत सोडून गाठ शोधणं, घेतलं ते त्यामुळे.

चरबीत पाणी कमी असतं, कॅन्सरच्या गाठीत जास्त. जिथे पाणी एकदम वाढतं अशा जागेवरून लहरी जोरात परततात, त्या अँटेनाने टिपायच्या. मावशीने पहिल्यांदा हेच विचारलं, “भाजत नाही ना गं यानं? आणि दाबत नाहीत ना?” दोन्ही नाही. ताकद मोबाइलपेक्षाही कितीतरी कमी लागते.

आधी खोटा स्तन, म्हणजे फँटम बनवायचा होता. कृतीत जिलेटिन, रॉकेल, करडईचं तेल आणि फॉर्मॅलिन नावाचं उग्र वासाचं रसायन. करडई आमच्याकडे घाण्यावर मिळते. रॉकेल शोधण्यात मात्र आठवडा गेला. फॉर्मॅलिनने डोळे झोंबतात म्हणून ते मी वगळलं. सोलापूरचा एप्रिल, पारा 42 वर. जेवून लॅबमध्ये परत आले तर फँटम ताटलीभर पसरलेला आणि गाठ म्हणून आत ठेवलेली गोळी तळाशी जाऊन बसलेली. फॉर्मॅलिन जिलेटिनचे धागे एकमेकांत बांधतं, मग ते उन्हाळ्यातही वितळत नाही, हे तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा केमिस्ट्रीच्या मॅडमना शेजारी उभं करून सगळं कृतीबरहुकूम केलं.

पहिल्या आलेखात नुसती फँटमच्या वरच्या थरावरून परतलेलीच लाट. ती इतकी मोठी की गाठ तिच्यात बुडून जाते. मग फँटम थोडा फिरवून पुन्हा मोजलं आणि दोन्ही मोजमापं वजा केली. थर सगळीकडून सारखा, तो बराचसा गेला; गाठीची जागा बदललेली, ती राहिली. एक छोटासा उंचवटा! मी तीनदा मोजून पाहिला.

पण ग्रंथीसारखा तुकडा आत ठेवल्यावर तो उंचवटा धूसर झाला. 2007 च्या विस्कॉन्सिन (अमेरिका) आणि कॅलगरी (कॅनडा) विद्यापीठांच्या अभ्यासातही निरोगी ग्रंथी आणि कॅन्सर यांच्यातला या लहरींना जाणवणारा फरक जेमतेम 10 टक्के निघाला होता. म्हणजे मावशीसारख्या दाट स्तनातच हे सगळ्यात अवघड.

तिला तसंच सांगितलं. पुढची तपासणी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीचीच. सोबत मी जाणार आहे.