स्कॅनर म्हणतो लीन, धूर म्हणतो रिच

पुण्यात नोंदलेली २०१० सालची मारुती स्विफ्ट कोल्हापुरातल्या आमच्या गॅरेजमध्ये मिश्रण जुळवून घेण्यासाठी आली, तेव्हा तिच्यावर दोन गॅरेजांचे उपचार होऊन गेले होते. इंजिन ११९७ सीसीचे के-सिरीज पेट्रोल. मूळ कॅमशाफ्ट काढून जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणारा, कॅमशाफ्ट बसवलेला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जागी चार-दोन-एक जातीचा (चार नळ्या दोनांत, दोन एकात मिळणारा) स्टीलचा हेडर, वर उघडा एअर फिल्टर. इंजिनाचा संगणक (ईसीएम) मात्र कंपनीचाच. मालक पंचविशीतला, ऑटोक्रॉसला उतरणारा आणि त्याच गाडीने रोज नोकरीवर जाणारा. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी, प्लग काळे, ३००० आरपीएमच्या खाली गाडी मंद आणि पेट्रोलचा खर्च हाताबाहेर, अशी त्याची तक्रार होती. बॅटरीची तार काढून पुन्हा लावली की मात्र एकदोन दिवस गाडी बरी चालत असे. “दादा, ईसीएम गेलाय म्हणून सांगितलंय, दुसरा टाकूया काय?” असे त्याने आल्याआल्या विचारले.

ईसीएम गेला, हे निदान आमच्या धंद्यात फार सहज केले जाते, कारण ते खोटे ठरवायला गिऱ्हाइकाजवळ काही साधन नसते. बिघडलेला संगणक बॅटरी काढल्याने दोन दिवसांपुरता बरा होत नाही. बॅटरी काढल्याने पुसले जाते ते त्याने शिकलेले, आणि दोन दिवसांत तो पुन्हा तेच चुकीचे शिकत असेल, तर त्याला शिकवणारा कोण हे आधी शोधायला हवे.

या इंजिनावर आत येणारी हवा मोजणारा सेन्सर नाही. मॅनिफोल्डमधला दाब, आरपीएम आणि हवेचे तापमान यांवरून सिलिंडरमध्ये किती हवा गेली असेल याचा संगणक अंदाज करतो, आणि त्या अंदाजामागचा तक्ता मूळ कॅमशाफ्ट व मूळ मॅनिफोल्ड धरून लिहिलेला असतो. जास्त ओव्हरलॅपच्या, म्हणजे आतले-बाहेरचे व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त वेळ उघडे ठेवणाऱ्या कॅमशाफ्टमुळे आयडलला (गाडी जागेवर चालू असताना) मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, दाबाचा आकडा वर जातो, इंजिनावर भार आहे असे संगणकाला वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. ही चूक सुधारण्याची सोय कंपनीने ठेवलेली आहे: एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी) एवढेच सांगत राहतो, त्यानुसार संगणक इंधन कमीजास्त करतो आणि वारंवार लागणारी दुरुस्ती ‘लाँग टर्म ट्रिम’ म्हणून लक्षात ठेवतो.

स्कॅनरवर हे ट्रिम +२३ टक्के दिसले, म्हणजे संगणक तेवढे पेट्रोल वाढवत होता; सोबत पी ०१७१ हा कोड, म्हणजे मिश्रण लीन. सायलेन्सरच्या तोंडाशी लावलेल्या आमच्या वाइडबँड सेन्सरवर (हा मिश्रणाचा नेमका आकडा देतो) त्याच वेळी लॅम्डा ०.८० होता; आदर्श मिश्रणाला तो १ असतो, म्हणजे हे चांगलेच रिच. पहिल्या गॅरेजने स्कॅनरवर विश्वास ठेवून इंजेक्टर साफ केले, पेट्रोल पंप बदलला आणि ऑक्सिजन सेन्सर नवा घातला. दुसऱ्याने धुरावर विश्वास ठेवला आणि पेट्रोल तोडण्याची युक्ती केली. दोघेही अडाणी नव्हेत, त्यांची कामे मी पाहिलेली आहेत. तरी दोन्ही आकडे एकाच वेळी समोर ठेवून ते एकमेकांशी का भांडतात, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही, याचे मला अजून नवल वाटते.

ती युक्ती सापडली सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झाल्यावर. अशा वेळी कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. कूलंट २६ अंश दाखवत होते आणि हवा ६१. ग्लोव्हबॉक्सच्या मागे चिकटपट्टीत गुंडाळलेला एक छोटा व्हेरिएबल रेझिस्टर हवेच्या तापमानाच्या सेन्सरला समांतर जोडलेला होता. हवा गरम म्हणजे विरळ, म्हणून संगणक पेट्रोल कमी करणार, असा त्यामागचा हिशेब. बाजारात ही कलाकुसर ‘पेट्रोल बचत किट’ या नावानेही विकली जाते. दोन गोष्टी त्यात विसरल्या जातात. गरम हवेचा आकडा दिसताच संगणक स्पार्कही मागे घेतो, त्यामुळे गाडी आणखी मंद होते. आणि तोडलेले पेट्रोल ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ट्रिममध्ये परत मिळवले जाते, त्याला फक्त दोन दिवस लागतात.

रेझिस्टर काढला, शिकलेले पुसले आणि गाडी चालवून पुन्हा शिकू दिली. ट्रिम +२३ वरून +१२ वर आले. २६ आणि ६१ अंशांच्या हवेच्या घनतेत जो फरक पडतो, जवळजवळ तेवढाच हा फरक होता. वाइडबँडवर मात्र लॅम्डा पुन्हा ०.८० वरच येऊन थांबला. मला या प्रकरणात सर्वांत आवडलेला क्षण हाच. संगणकाला पेट्रोल कमी द्या की जास्त, तो मिश्रण ओढून एकाच जागी आणत होता, म्हणजे त्याचे गणित, इंजेक्टर, पंप सगळे आज्ञाधारकपणे चालत होते. फक्त ज्याला तो ‘बरोबर’ समजत होता ती जागाच चुकीची होती. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. मग जळण्यातून न उरलेला ऑक्सिजन त्याच्यापर्यंत येत होता कुठून?

थंड इंजिनवर सायलेन्सरमध्ये ब्लोअर लावला आणि हेडरच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी सोडले. चौथ्या पोर्टजवळ, हेडर इंजिनाला जोडणाऱ्या फ्लँजमधून फेस आला. भार कमी असताना धुराच्या दोन स्पंदनांच्या मधे एक्झॉस्टमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि अशा फटीतून हवा आत ओढली जाते, म्हणून त्रास मुख्यतः ३००० च्या खाली होता. त्यात ऑक्सिजन सेन्सरची बैठक चारही नळ्या एकत्र येतात तिथे नसून चौथ्या नळीवर, फटीपासून वीतभर अंतरावर वेल्ड केलेली होती. वेल्डरचा हात जिथे पोचला तिथे ती लागली असावी. एकाच सिलिंडरचा धूर, त्यात बाहेरची हवा मिसळलेली, आणि त्या साक्षीवर चारही सिलिंडरांचे पेट्रोल ठरत होते. फटीतून आलेली हवा वाइडबँडपर्यंतही पोचत होती, म्हणजे आतले मिश्रण ०.८० पेक्षाही रिच असणार.

हेडर काढून फ्लँजवर पट्टी धरली, तर कडेला ०.४ मिलिमीटरचा फिलर गेज सहज जात होता. शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या आप्पांनी ती ग्राइंडिंगवर सपाट करून दिली, आणि इतक्या पातळ फ्लँजला इतके वेल्डिंग करणाऱ्याबद्दल मत व्यक्त केले, ते इथे लिहिता येत नाही. सेन्सरची बैठक कलेक्टरवर, म्हणजे चारही नळ्या एकत्र येतात तिथे, हलवली, नवी गॅस्केट घातली. हेडर लावताना गाडीचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गायब झाले होते. कलेक्टरच्या मागे नवे बसवल्याशिवाय गाडी देणार नाही, असे मी मालकाला स्पष्ट सांगितले. मोटार वाहन कायद्याचे, गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारे कलम ५२ आमच्या क्षेत्रात कोणी वाचत नाही आणि वाचले तर आमची निम्मी कामे बंद होतील, हे मला ठाऊक आहे. तरी रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीबाबत एवढी रेघ मी ओढतो.

यानंतर ट्रिम क्रूझला (एकसारख्या वेगात) –३ आणि आयडलला –८ वर स्थिरावले, काजळी थांबली. फुल थ्रॉटलचे काम मात्र तेव्हाच सुरू झाले, कारण तिथे संगणक ऑक्सिजन सेन्सरचे ऐकत नाही, थेट तक्त्यावर चालतो. पुण्यात डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चौथ्या गिअरमध्ये ५५०० आरपीएमला लॅम्डा ०.९३ निघाला; मला ०.८७ च्या आसपास हवा होता. इंधनाचा दाब वाढवा, असा सल्ला मालकाच्या मित्राने फोनवरून दिला. दाब ३ बारवरून ३.५ केला तर पेट्रोल वर्गमुळाच्या हिशेबाने साधारण ८ टक्के वाढते, पण ते सगळीकडे वाढते. क्रूझमध्ये संगणक ते वजा करतो आणि ही वजाबाकी या गाडीत फुल थ्रॉटललाही लागू होताना दिसत होती. त्याच मित्राचा दुसरा आग्रह वाइडबँडवर हवा-पेट्रोलचे प्रमाण १२.५ आणण्याचा होता. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) मिळते, त्याचे आदर्श प्रमाण १४.७ नसून १३.५ च्या आसपास आहे; मीटर मात्र जुन्याच पट्टीने आकडा दाखवतो, म्हणून मी लॅम्डाच वाचतो. शेवटी कंपनीच्याच संगणकातला तक्ता वाचून घेतला आणि ४५०० आरपीएमच्या वरचे, पूर्ण भाराजवळचे तेवढेच रकाने ७ टक्क्यांपर्यंत वाढवले. तयार फाइल विकणारे हेडर, कॅमशाफ्ट, इंधन काहीही न विचारता सर्वांना एकच फाइल पाठवतात. त्यापेक्षा मूळ तक्ता पुष्कळ प्रामाणिक असतो.

गाडी गेली, मालक खूश आहे. मला मात्र आयडलचे ते –८ स्वस्थ बसू देत नाही. गॅस अ‍ॅनालायझरवर आयडलला हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही अपेक्षेपेक्षा वर दिसले होते, कार्बन मोनॉक्साइड मात्र वाढलेला नव्हता. या कॅमशाफ्टच्या ओव्हरलॅपमध्ये थोडे मिश्रण न जळताच बाहेर निसटत असेल, तर त्यातला ऑक्सिजनही सेन्सरला लीनच वाटणार, आणि खरे ट्रिम कदाचित –१२ असायला हवे. एखादी फट अजून राहिली असावी अशी शंका घेऊन मी ब्लोअरची तपासणी पुन्हा केली, फेस कुठेच आला नाही. मूळ कॅमशाफ्ट मालकाच्या घरी पडून आहे. यंदाचा ऑटोक्रॉसचा हंगाम संपल्यावर तो आठवडाभरासाठी बसवू देण्याचे त्याने कबूल केले आहे. मजुरी घेणार नाही, असे मी सांगून ठेवले आहे.