सूप, गिरणी, तवा : पाखडण्याचा शॉट बसला

माझ्या अ‍ॅनिमेशन फिल्ममधला पाखडण्याचा शॉट अखेर रफमध्ये, म्हणजे कच्च्या रेघांत, पूर्ण झाला. क्लीनअप, म्हणजे रेघा पक्क्या करणं, बाकी आहे, रंगाचं तर अजून नावच काढलेलं नाही. पण लूपवर टाकून, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं तर डोळ्याला कुठं अडत नाही, आणि माझ्यासाठी हे खूप झालं.

नवीन मंडळींसाठी : फिल्म साताऱ्याकडच्या माझ्या आत्याच्या ओसरीवर घडते. ज्वारी पाखडायची, दळून आणायची, भाकरी थापायची, बस्स. संवाद नाहीत. काम ब्लेंडर या सॉफ्टवेअरच्या ग्रीस पेन्सिलमध्ये (हातानं चित्रं काढायची सोय) चाललंय, सेकंदाला 24 फ्रेम, बहुतेक सगळं 'टूज'वर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम टिकतं.

सूप सोपं वाटतं, पण नाही. सूप वर जाऊन थांबतं आणि त्यानंतर धान्य सुटतं. ते वर असतानाच सूप खाली येतं आणि किंचित मागं ओढलं जातं. ही मागची ओढ काढली नाही तर ज्वारी सुपात पडतच नाही, अंगणात सांडल्यासारखी दिसते. मी व्हिडिओत आत्याच्या कोपरांकडे बघत बसलो होतो. तिनं मागून डोकावून सांगितलं, "हात काय बघतोस, मनगट बघ की!" त्यानंतर खांदे जवळजवळ स्थिर ठेवले आणि सगळी हालचाल मनगटात आणली.

दाणा न् दाणा काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून मधली ज्वारी हा एकच पट्टा ठेवलाय, जो हवेत वाकतो आणि पडताना चपटा होतो. फक्त त्याच्या कडेचे थोडे दाणे सुटे काढलेत. बघणाऱ्याला सगळेच सुटे वाटतात. फोलपटं वेगळ्या लेयरवर आहेत. ती हलकी, म्हणून दाण्यांपेक्षा जास्त वेळ वर राहतात आणि सुपाच्या पुढच्या तोंडावरून तरंगत बाहेर जातात. धान्य झेललं जातं तेवढे दोन-तीन फ्रेम मात्र 'वन्स'वर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, असे घेतले. त्याशिवाय वजन येईना.

टायमिंग आवाजावरून घेतलं. फोनवर रेकॉर्ड केलेला सुपाचा आवाज टाइमलाइनवर टाकला, तर एक झेल साधारण 14 फ्रेमचा निघाला. पण मध्येच ठेका तुटतो, कारण आत्याला खडा दिसतो आणि ती तो उचलून टाकते. एकसारखा ठेका देणारा मेट्रोनोम लावून केलं असतं तर नेमकी ही थांबण्याची जागा निसटली असती. आता त्या शॉटमध्ये मला सगळ्यात आवडते तीच.

आधी आवाज, मग चित्र हे डोकं अर्थात माझं नाही. अमेरिकन अ‍ॅनिमेटर डॉन हर्ट्झफेल्ट यांनी 2015 च्या 'वर्ल्ड ऑफ टुमारो' या छोट्या फिल्मसाठी आपल्या चार वर्षांच्या भाचीचं बोलणं, ती खेळत असताना, रेकॉर्ड केलं आणि त्याभोवती गोष्ट रचली. पोरीला संवाद पाठ करायला लावले नाहीत. पात्रं नुसती काड्यांसारख्या रेघांची, आणि तरीही फिल्म ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली.

या वेळचा मोठा निर्णय मात्र फिल्मच्या रचनेचा आहे. सूप, गिरणी आणि तवा हे तीन भाग आता सुटे उभे राहतील असे करतोय, प्रत्येकाला स्वतःची सुरुवात आणि शेवट. एकट्यानं काम करणाऱ्यांची वाटचाल वाचताना ही युक्ती वारंवार दिसली. न्यूयॉर्कच्या बिल प्लिम्प्टननी 1992 ची 'द ट्यून' ही पूर्ण लांबीची फिल्म स्वतःच्या खर्चानं केली आणि तिचे तुकडे आधी शॉर्ट म्हणून बाहेर काढून पैसा उभा केला. त्यांचा सल्लाही प्रसिद्ध आहे : छोटी करा, स्वस्तात करा, विनोदी करा. (तिसऱ्याचं माझ्याच्यानं जमेल असं वाटत नाही.) लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसनी 2019 ची 'अवे' एकहाती केली, संगीतासकट, आणि तीही प्रकरणांमध्ये बांधलेली. पुढं टीम घेऊन 'फ्लो' केली, ब्लेंडरमध्येच, आणि 2025 मध्ये तिला ऑस्कर मिळालं. त्यातल्या मांजराचं मूळ त्यांच्याच 2012 च्या एका छोट्या फिल्ममध्ये आहे. म्हणजे जुनं काम वाया जात नाही, ते पुढच्या कामाचं बियाणं होतं. बाहेर 'पहिल्याच फटक्यात ऑस्कर' असं जे सांगितलं जातं त्याचा मला राग येतो. मधली वर्षं कुणी मोजत नाही.

आपल्याकडे मला सगळ्यात जवळच्या वाटतात अ‍ॅनिमेटर गीतांजली राव. शिक्षण मुंबईच्या जे. जे.तलं उपयोजित कलेचं, अ‍ॅनिमेशन राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करताना हातात आलेलं. 'प्रिंटेड रेनबो' एकटीनं हातानं रंगवली आणि 2006 मध्ये कान महोत्सवाच्या क्रिटिक्स वीकमध्ये तिला बक्षिसं मिळाली. एकटी बाई, तिची मांजर आणि काड्यापेट्यांचा संग्रह, एवढंच साहित्य. पण प्रत्येक काड्यापेटीवरच्या चित्रात शिरायची सोय केल्यामुळे चित्रशैली बदलण्याची मोकळीक गोष्टीतूनच आली. ही अक्कल मला सॉफ्टवेअरपेक्षा मोठी वाटते. त्यांचीच 'बॉम्बे रोझ' 2019 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवाला पोचली, तेव्हा मात्र हातानं रंगवणाऱ्यांची मोठी टीम होती.

पैशाचं म्हणाल तर, एकट्यानं काम करणारे बरेच जण घर चालवायला जाहिराती आणि इलस्ट्रेशन करतात आणि आपली फिल्म रात्री. माझी नोकरी वेगळी आहे, त्यामुळे तेवढी ओढाताण नाही, पण वेळेची चणचण तीच. सुटे तुकडे असले की निदान एक पूर्ण झालेली गोष्ट महोत्सवाला पाठवता येते, बाकीचं चालू राहतं.

आता क्लीनअप. रेघ थोडी खरबरीत ठेवणार आहे, फार गुळगुळीत केली की आत्या प्लास्टिकची वाटते. त्याच्याबरोबरीनं गिरणीचा अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे आवाजावर बसवलेल्या कच्च्या चित्रांचा आराखडा, सुरू करतोय. आमच्या गावची गिरणी बंद पडली आहे. कुणाच्या जवळपास पट्ट्यावर चालणारी जुनी गिरणी असेल तर तिच्या सुरू होण्याचा आणि बंद होण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मधली घरघर नको, ती माझ्याकडे आहे.